पगाराच्या स्लिपवरचा पीटी आणि इन्कम टॅक्स

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात गेटवर असणारे काका फेब्रुवारीचा पगार झाला की स्लिप घेऊन अकाउंट्सच्या टेबलाशी येतात. “दरमहा दोनशे जातात, या खेपेला तीनशे? इन्कम टॅक्स वाढला का हो?”

काकांचा पगार १५,००० रुपये. त्यांना इन्कम टॅक्स लागतच नाही. कापला जातो तो पीटी, म्हणजे व्यवसाय कर. दोन्ही पगारातूनच जातात, म्हणून हा घोळ.

इन्कम टॅक्स केंद्र सरकारचा. स्लिपवर तो टीडीएस म्हणून दिसतो. पीटी राज्याचा. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५च्या कायद्याने तो बसवला. दर साधे आहेत: महिना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे सरसकट २००. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार वर्षाला २,५०० पेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिन्यांचे २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीत. एवढंच त्या तीनशेचं रहस्य.

खरी गंमत ‘त्यापुढे सरसकट’ या शब्दांत आहे. काकांची वर्षाची कमाई १,८०,००० रुपये. त्यातले २,५०० म्हणजे जवळपास १.४ टक्के. आमच्या साहेबांना महिना दोन लाख. त्यांचाही पीटी २,५०० च, म्हणजे जेमतेम ०.१ टक्का. इन्कम टॅक्सचं उलट. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत पगारदाराला वर्षाला १२.७५ लाखांपर्यंत शून्य, आणि साहेबांना २४ लाखांवर सेससकट २,९२,५०० रुपये, म्हणजे १२ टक्क्यांहून थोडे जास्त. पगार वाढला की त्याचा टक्काही चढतो. पीटीचा उतरत जातो. जेवणाच्या सुट्टीत कुणी “टॅक्स फक्त आम्हीच भरतो” म्हणालं, की मला काकांची स्लिप आठवते. साबण-बिस्किटांवरचा जीएसटी तर अजून मोजलाच नाही.

काकांची सून आमच्याकडेच हाउसकीपिंगला आहे, पगार तेवढाच. तिच्या स्लिपवर पीटीच्या रकान्यात शून्य, कारण एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. काकांनी दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून विचारलं, “मग माझा कधी सुटणार?”

पासष्ट पूर्ण झाल्यावर. अजून चार वर्षं आहेत.