रोच की रड? रंगावर जाऊ नका, तोंड बघा

आधी नावांचा निकाल लावू, कारण मराठी कानाला दोन्ही नावं छळतात. रोच म्हटलं की झुरळ डोळ्यांपुढे येतं. आणि रडचं तर विचारूच नका. "आज सात रड मिळाले," असं फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "का रे, काय झालं?"

दोन्ही इंग्लंडच्या गोड्या पाण्यातले मासे. बहुतेक वेळा तळहाताएवढे, अंग चंदेरी, पर लालसर. गळ टाकायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी बिनदिक्कत एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारत होतो.

मी जातो ते हर्टफर्डशायरमधलं एका क्लबचं तळं आहे. एका बाजूला लव्हाळ्यांची दाटी, दुसऱ्या बाजूला विलोची झाडं, आणि काठावर नंबर लावलेल्या बसायच्या जागा. या जागांना इथे 'पेग' म्हणतात. एप्रिलच्या शेवटी मी तळ्यावर असण्याचं साधं कारण म्हणजे तेव्हा नद्या बंद असतात. 15 मार्च ते 15 जून नद्यांवर 'कोर्स फिशिंग'ला मनाई आहे. मासे अंडी घालतात त्या दिवसांत त्यांना त्रास नको, म्हणून. बहुतेक तळ्यांवरून ही बंदी 1995 मध्ये उठली. यातला कोर्स म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, जाडाभरडा. सामन आणि ट्राउट हे मानाचे मासे, उरलेले सगळे भरडे, असा जुना साहेबी हिशेब. आपले रोच आणि रड या भरड्यांत येतात.

आमिष म्हणजे माशीच्या अळ्या. दुकानात त्या बिअरसारख्या पाइंटानं मिळतात. मी अर्धा पाइंट घेतो आणि आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवतो. घरच्यांशी यावर झालेला तह असा, की डबा खालच्या कप्प्यात आणि झाकणाला रबर. दोरीवरची वजनं शिशाची चालत नाहीत. हंस ती गिळून मरायचे, म्हणून 1987 पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. परवान्याशिवाय तेरा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कोणीही काठी पाण्यात धरायची नाही. पकडले गेलात तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

आता मासे.

माझी मूळ चूक रंगावर जाण्याची होती. पुस्तकी वर्णन खोटं नाही: रोच चंदेरी, पाठीवर निळसर झाक, रड पितळी-सोनेरी, पर कुंकवासारखे लालभडक. पण हे वर्णन स्वच्छ पाण्यातल्या, भरपूर वाढलेल्या माशाचं आहे. गढूळ तळ्यात दोघेही फिके पडतात, आणि बोटभर पिल्लं तर सगळीच चांदीची.

डोळ्यांची गंमत त्याहून मोठी. रोचचा डोळा लालसर असतो, रडचा सोनेरी. पण रडचं शास्त्रीय नाव आहे स्कार्डिनियस एरिथ्रॉफ्थाल्मस, आणि एरिथ्रॉफ्थाल्मस म्हणजे लाल डोळ्यांचा! स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं 1758 मध्ये नावाचा हा भाग दिला, तो आजही चिकटून आहे. जर्मन लोकांनी मात्र नीट बघून नावं ठेवली. रोचला ते 'लालडोळ्या' म्हणतात आणि रडला 'लालपरी' (परांचा तो पर, एसटीची लालपरी नव्हे).

खरी खूण मला शेजारच्या पेगवरच्या एका आजोबांनी दाखवली. मी मोठ्या ऐटीत "रोच!" म्हणालो, तसे ते स्टुलावरून उठून आले. ओल्या हातानं मासा आडवा धरला आणि बोटानं नुसता ओठ दाखवला. खालचा ओठ पुढे आलेला, तोंड आभाळाकडे, रुसलेल्या पोरासारखं. तो रड होता. रोचचा वरचा ओठ किंचित पुढे असतो आणि तोंड जरा खाली झुकलेलं.

हे कळलं आणि मला एकदम आपली धरणं आठवली. कटल्याचं तोंड वर, मृगळचं खाली. म्हणून कटला वरच्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी. रोहू मधला. मामानं हे मला शाळेत असतानाच शिकवलं होतं, पण इंग्लंडातल्या माशाला तोच नियम लागेल हे डोक्यातच आलं नाही. दूरच्या नात्यातलेच की हे सगळे!

तोंडावरून खात्री पटली नाही तर पाठीवरचा पर बघायचा. पोटावरच्या परांच्या मुळापासून सरळ वर रेघ ओढली अशी कल्पना करा. रोचमध्ये ती पाठीच्या पराला सुरुवातीलाच भेटते. रडमध्ये ती पराच्या पुढूनच निघून जाते, कारण त्याचा पर शेपटीकडे सरकलेला असतो. घशातल्या दातांच्या ओळी मोजूनही ओळखता येतं: रोचला एक ओळ, रडला दोन. पण त्यासाठी मासा मारावा लागतो, म्हणून ती खूण काठावरच्या कामाची नाही.

तोंड कळलं की गळ कसा लावायचा तेही कळतं. रोचसाठी मी वजनं दोरीवर खाली उतरवतो, अळी तळाशी टेकेल एवढी खोली ठेवतो आणि फ्लोट (दोरीवरची पाण्यावर तरंगणारी खूण) बुडायची वाट बघत बसतो. रडसाठी जवळजवळ सगळं वजन फ्लोटपाशीच ठेवायचं, म्हणजे खालची दोरी हलकी राहते आणि अळी हळूहळू तरंगत उतरते. बेचकीनं दहा-बारा अळ्या लव्हाळ्यांच्या कडेला उडवायच्या. ऊन तापलं असेल तर त्या पाण्यावर पडताच खालून टपटप ओठ येतात. गळाची अळी बुडायच्या आतच फ्लोट आडवा पळतो. पावाच्या कडेचा तुकडा नुसता तरंगत सोडला तरी चालतं. मला विचाराल तर रडचीच मजा जास्त, मासा येताना दिसतो तरी. पण थंडी पडली की तो सुस्तावतो, आणि जानेवारीत बर्फगार पाण्यावर इज्जत राखतो तो रोचच.

वसंतात आणखी एक खूण असते. रोच एप्रिल-मेमध्ये अंडी घालतो, आणि तेव्हा नराच्या डोक्यावर-अंगावर बारीक पांढऱ्या पुटकुळ्या उठतात. हाताला चक्क खिसणीसारखं लागतं. रडचा हंगाम थोडा मागून येतो. म्हणून एप्रिलअखेरीस असा खरखरीत मासा हाती लागला तर आमच्या तळ्यावर तो रोच असण्याचीच शक्यता जास्त.

गोंधळ घालणारा मी एकटाच नव्हे, हाही एक दिलासा. आयर्लंडमध्ये तर पिढ्यानपिढ्या रडलाच रोच म्हणायचे. त्यांच्याकडे खरा रोच नव्हताच. 1889 मध्ये दक्षिणेच्या ब्लॅकवॉटर नदीत तो आमिष म्हणून आणला गेला, तिथे सुटला, आणि मग देशभर पसरला.

परवाचा शेवटचा मासा मात्र सगळ्या खुणांना पुरून उरला. अंगावर पितळी झाक, पण ओठ सरळ, ना वर ना खाली. पाठीचा पर किंचित मागे, पण रडइतका नाही. दोघे त्याच लव्हाळ्यांच्या दाटीत अंडी घालतात, तेव्हा असे संकर होतातच. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, मासा दोनदा उलटासुलटा केला आणि खांदे उडवले. मी वहीत वजन लिहिलं, सहा औंस, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं आणि त्याला पाण्यात सोडून दिलं.

रात्री आईचा फोन. "मग कालवण कशाचं केलंस?"

सगळे सोडून दिले म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.