पेत्राच्या पत्रातील ‘कॉसमॉस’: एका शब्दाची पार्श्वभूमी

बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:३) स्त्रियांच्या बाह्य शोभेविषयी एक वचन आहे: शोभा बाहेरची नसावी, अंतरंगाची असावी. काही ख्रिस्ती मंडळ्या ते दागिन्यांवरील बंदी म्हणून वाचतात. त्यात ‘शोभे’साठी मूळ ग्रीक शब्द ‘कॉसमॉस’ असा आहे. नव्या करारात तो सुमारे १८५ वेळा येतो आणि जवळपास सर्वत्र त्याचा अर्थ ‘जग’ असाच होतो. साजशृंगार हा अर्थ केवळ या एका ठिकाणी आढळतो.

मुळात कॉसमॉस म्हणजे नीट लावलेली रचना. त्यामुळे ग्रीकांनी स्त्रीच्या अलंकारांना आणि सुव्यवस्थित विश्वालाही हेच नाव दिले. आपल्या बाजारातले ‘कॉस्मेटिक’ याच घराण्यातले. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात वधूला नटवणारा कॉसमॉस (यशया ६१:१०) सरळ आनंदाचे चिन्ह म्हणून येतो. शब्दाला स्वतःचा असा काही कलंक नव्हता.

खरा गुंता पेत्राच्या वाक्यरचनेत आहे. तेथे तीन गोष्टी ओळीने येतात: केस गुंफणे, सोने घालणे आणि वस्त्रे परिधान करणे. तिसऱ्या गोष्टीला ग्रीकमध्ये कोणतेही विशेषण नाही. वचन संपूर्ण बंदी म्हणून वाचले, तर कपडे घालण्यावरही बंदी येते, आणि तसा अर्थ आजवर कोणीही केलेला नाही. ही अडचण टाळण्यासाठी अनेक आधुनिक भाषांतरांनी वस्त्रांपुढे ‘उंची’ या अर्थाचे विशेषण आपल्या पदरचे घातले. मौज अशी की ‘मौल्यवान’ या अर्थाचा ‘पॉलीतेलेस’ हा शब्द पेत्राने पुढच्याच वचनात वापरला आहे, पण तो कपड्यांसाठी नव्हे, तर सौम्य व शांत आत्म्यासाठी. कपड्यांना तो लागतो तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:९). भाषांतरकारांनी एका पत्रातली सोय दुसऱ्यात नेली, असे म्हणावेसे वाटते.

यातून दुसरे वाचन पुढे आले. ‘हे नव्हे, तर ते’ ही इब्री (हिब्रू) वळणाची रचना अनेकदा ‘यापेक्षा ते अधिक’ एवढेच सांगते. जुन्या करारातील होशेयाच्या ६:६ या वचनात ‘यज्ञ नको, दया हवी’ असे म्हटल्यावर लगेच ‘होमार्पणांपेक्षा’ असा तुलनेचा शब्द येतो, तेव्हा पहिल्या ‘नको’चे मोजमाप आपोआप कळते. तीमथ्याच्या पत्रात मात्र ‘उंची’ हे विशेषण मुळातच असल्याने कपड्यांचा युक्तिवाद तेथे तितका चालत नाही, हे बंदीच्या बाजूचे म्हणणे रास्त आहे. तरीही त्याच वचनात वेषासाठी आलेले ‘कॉस्मिओस’, म्हणजे शिस्तशीर, हे विशेषण पुढे ३:२ मध्ये मंडळीच्या अध्यक्षालाही लावले आहे. तेथे पुरुषाच्या अंगठीची चर्चा कोणी काढत नाही.

विसाव्या शतकात हा वाद प्रामुख्याने अंगठीभोवती फिरला. अमेरिकेत वाढलेल्या एका संप्रदायाने दागिन्यांना विरोध कायम ठेवला, पण १९८०च्या दशकात आपल्या उत्तर अमेरिकी मंडळ्यांमध्ये साध्या विवाहमुद्रेला वाट करून दिली, आणि तेवढ्या सवलतीवरूनही पुढे बराच काळ मतभेद राहिले. केरळातील अनेक पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत सोने अजूनही वर्ज्य आहे. मराठी ख्रिस्ती घरांत मात्र क्रूस जडवलेले मंगळसूत्र सर्रास दिसते. दोन्हीकडे वाचले जाणारे वचन एकच आहे.