वणाची ओढ आणि समभुज चौकोन

'पंधरा दिवसांत वण गायब' अशी क्रीमची जाहिरात हल्ली फोनवर सारखी येते. भाजल्याचा जाड वण असा गायब होत नसतो. शिवाय चेहऱ्यावरच्या वणाचा खरा त्रास दिसण्यापेक्षा ओढीचा असतो. जखम भरताना मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिच्या कडा आत खेचतात. शेजारी डोळा आहे की ओठ, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. गालावरचा वण आक्रसला की खालची पापणी बाहेर उलटते, आतला लाल भाग दिसू लागतो, झोपेतही डोळा मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडते. (भाजल्यावर टूथपेस्ट नि शाई फासणाऱ्यांनो, आधी वीस मिनिटे नळाखाली धरा!)

वण कापून सरळ रेषेत शिवला, तर नवा वणही त्याच दिशेने आखडणार. म्हणून 'झेड-प्लास्टी'. ताणलेल्या पट्ट्यावर लांबीच्या दिशेने एक छेद घ्यायचा. त्याच्या दोन्ही टोकांपासून विरुद्ध बाजूंना, 60 अंशांत, तेवढ्याच लांबीचा एकेक छेद. झाले इंग्रजी झेड अक्षर. आता दोन्ही त्रिकोण खालून सोडवायचे आणि त्यांच्या जागांची अदलाबदल करून शिवायचे.

शाळेतली भूमिती आठवा. दोन समभुज त्रिकोण जोडले की समभुज चौकोन होतो. बाजू 1 सेंमी धरली तर धाकटा कर्ण 1 सेंमी, थोरला √3, म्हणजे 1.73 सेंमी. वण होता धाकट्या कर्णावर. अदलाबदलीनंतर त्याच दिशेला थोरला कर्ण येतो. लांबी 73 टक्क्यांनी वाढली! नवी कातडी मात्र कुठूनच आली नाही, आडवी रुंदी तितकीच घटली. म्हणून बाजूला सैल कातडी असेल तरच हा व्यवहार जमतो, आणि प्रत्यक्षात लाभ कागदापेक्षा कमीच. कोन 90 अंशांचा केला तर हिशेबात लांबी आणखी वाढते, पण त्रिकोण जागेवर फिरवता फिरवत नाहीत.

त्रिकोणांची एक बाजू जोडलेलीच ठेवतात, कारण रक्त तिथूनच येते. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने पुण्यातल्या ज्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापले, तिच्यातही नाक घडवायला घेतलेली कपाळाची कातडी भुवयांमध्ये अशीच जोडलेली राखली होती.

सैल कातडी नसेल तर त्वचारोपण. पापणीसाठी बहुधा कानामागची पूर्ण जाडीची कातडी घेतात, ती पातळ कातडीपेक्षा कमी आक्रसते. एरवी वणाची लाली आणि टणकपणा उतरेपर्यंत, कधी वर्षभरही, सर्जन थांबतात. डोळा मिटत नसेल तर थांबत नाहीत.