फऱ्यामागची वीतभर जागा

आमचा आज्जा बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडची एक जुनी गोष्ट सांगायचा. ठासणीच्या बंदुकीचा बार झाला, सांबर उधळलं. पाल्यावर रक्त थोडंच, हिरवट घाण जास्त. अंधार पडला म्हणून मंडळी घरी परतली, आणि चौथ्या दिवशी ओढ्याकाठी गिधाडं उतरली. मधल्या दिवसांत त्या जनावराचं काय झालं असेल, हा प्रश्न लहानपणापासून माझी पाठ सोडत नाही.

मेंदूला प्राणवायूचा साठा करता येत नाही. त्याचं रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. झटपट मरण म्हणजे हेच. बोकड सोलताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हरणाचं अंग समजावून सांगायला नको: पुढच्या पायांच्या मधे, छातीच्या तळाशी काळीज, म्हणजे हृदय, भोवती दोन्ही फुप्फुसं. जनावर आडवं उभं असताना फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या खांद्याच्या, लगेच मागून गोळी आरपार गेली, तर रक्तदाब कोसळतो. तरी ते पन्नास-शंभर मीटर धावू शकतं, कारण स्नायूंत तेवढा दम उरलेला असतो. मागे गुलाबी, फेसाळ रक्त सांडतं. तो फेस फुप्फुसातल्या हवेचा.

हिरवट घाण मात्र कोठ्यातली, अर्धवट रवंथ झालेल्या चाऱ्याची. गोळी पोटात लागली होती. तिथं काळजाइतकं रक्त एकदम वाहत नाही. आतडी फुटतात, विष भिनत जातं, आणि शुद्ध तासन्‌तास टिकते. डोक्यावर नेम धरणं तर मला त्याहून वाईट वाटतं. मेंदू मुठीएवढा, डोकं सतत हलतं. जबडा फुटलेलं हरीण उपाशी मरतं.

नॉर्वेत शिकार कायदेशीर आहे, पण मोठ्या जनावराच्या शिकाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. 100 मीटरवरच्या चित्रातल्या छातीत पाचही गोळ्या बसल्या पाहिजेत. जखमी जनावर शोधणाऱ्या कुत्र्याची सोय ठेवणंही बंधनकारक.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीनं शिकार बंद केली, ते योग्यच झालं. पण खानापूरच्या रानातल्या भेकरा-सांबरांना चोरट्यांच्या तारेच्या फासाचं भय आहेच. पायात किंवा कमरेत अडकलेला फास मेंदूचं रक्त अडवत नाही. जनावर झटे देत राहतं, तार मांसात रुतत जाते, आणि तहानेनं मरेपर्यंत ते शुद्धीवर असतं.