पितळी नळीवरचे लाकूड: लेथवर पेन घडवताना

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवत तासायच्या यंत्रावर, पहिले पेन करायला घेणाऱ्याचे लक्ष पटाशीकडे आणि आकाराकडे असते. पेन बिघडते ते मात्र बहुधा भोक पाडताना, नळी चिकटवताना किंवा काम संपल्यावर चार महिन्यांनी. याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. लाकडी पेन म्हणजे पितळेच्या नळीवर चढवलेले लाकडाचे पातळ कवच असते. पेनच्या सुट्या भागांच्या, ‘स्लिमलाइन’ नावाने मिळणाऱ्या सर्वांत सोप्या संचात नळीचा बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर असतो आणि तयार पेनचा व्यास टोकांपाशी सुमारे ८.३ मिलिमीटर भरतो. म्हणजे तिथे लाकडाची जाडी अर्धा-पाऊण मिलिमीटरच उरते.

लाकूड हवेतल्या ओलाव्याशी सतत देवाणघेवाण करत असते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर त्यात सुमारे १६ टक्के पाणी राहते, ती ३० टक्क्यांवर उतरली की जेमतेम ६ टक्के. पाणी गेले की लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आटत नाही. आडवे मात्र एक-दोन टक्के सहज आटते. पितळ ओलाव्याला दाद देत नाही आणि तापमान २० अंशांनी बदलले तरी ते ०.०४ टक्क्यांच्या आसपासच फुगते किंवा आकसते. त्यामुळे रत्नागिरीत भर पावसाळ्यात घडवलेले पेन मे महिन्यात नागपूरला गेले, की आटू पाहणाऱ्या लाकडाला आतली नळी आटू देत नाही, कवचावर चहूबाजूंनी ताण येतो आणि धाग्याच्या रेषेत, जिथे लाकूड सर्वांत दुबळे असते तिथे, उभी चीर पडते. यावर पॉलिशचा इलाज फार चालत नाही. लाकूड आधीच पुरते वाळलेले असणे हाच खरा उपाय आहे. सुताराकडे उरलेले जुन्या शिसवीचे तुकडे सुरुवातीला उत्तम. सागवान सोपे वाटते खरे, पण त्यातली सिलिका हत्याराची धार लवकर घालवते आणि त्यातले तेल गोंदाला नीट धरू देत नाही.

साधारण १९ मिलिमीटर चौरस कांडीचे नळ्यांच्या मापाचे, थोडे वाढीव दोन तुकडे करून त्यांत ७ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. येथे घाई नडते. भुसा अडकला की घर्षणाने आतली बाजू तापते, तिथले पाणी एकदम उडते आणि बाहेरून न दिसणारी बारीक चीर आतच तयार होते. म्हणून दर सेंटीमीटरभर गेल्यावर ड्रिल बाहेर काढून भुसा झटकावा. नळीला पॉलिश-पेपरने ओरखडे काढून ती इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने, गोल फिरवत आत सरकवावी. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर नळी अर्ध्यातच अडकण्याचा धोका असतो. गोंद वाळल्यावर टोके नळीशी काटकोनात तासणे फार महत्त्वाचे आहे, कारण टोक तिरके राहिले तर जोडणीच्या वेळी सगळा दाब एकाच कडेवर येतो.

आता दोन्ही तुकडे सव्वासहा मिलिमीटरच्या पोलादी दांड्यावर, म्हणजे मँड्रेलवर, चढतात. शेवटची चकती घट्ट आवळली किंवा दांड्याला आधार देणारे लेथचे मागचे टोक जोरात रेटले, की हा सडपातळ दांडा किंचित वाकतो आणि पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. आधारांमधले अंतर निम्मे केले तर दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध आठपट वाढतो. म्हणून एका वेळी एकच तुकडा चढवणे शहाणपणाचे.

लेथच्या वेगाची भीती नवशिक्याला वाटते, पण पेनचा व्यास लहान असल्याने मिनिटाला २००० फेऱ्यांवरही १९ मिलिमीटरच्या कांडीचा पृष्ठभाग सेकंदाला २ मीटरच सरकतो. त्याच फेऱ्यांवर ३०० मिलिमीटरच्या लाकडी वाडग्याची कड ३१ मीटरने धावेल, आणि ते खरोखर धोक्याचे आहे. गोल पटाशीचा घासलेला उतार आधी लाकडावर टेकवून मग दांडी हळूहळू उचलावी, म्हणजे धार अचानक रुतत नाही. आणि जाड भागाकडून बारीक भागाकडेच तासावे, म्हणजे प्रत्येक धाग्याला खालच्या धाग्याचा आधार राहतो. चष्मा आणि मास्क हवेतच: लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोगकारक घटकांत गणली जाते आणि शिसवीच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते. हातमोजे मात्र घालू नयेत.

घासून झाल्यावर शेलॅक, म्हणजे लाखेचे पॉलिश, लावणे ही जुनी रीत आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर लेथवर फिरत्या लाकडी खेळण्यावर लाखेची कांडी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. येथेही तत्त्व तेच. हाताच्या घामापुढे शेलॅक फार टिकत नाही, म्हणून हल्ली पुष्कळ जण सायनोॲक्रिलेटचे, म्हणजे फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचे, पातळ थर देतात. तो हवेतल्या ओलाव्यामुळेच घट्ट होतो आणि कोकणच्या पावसाळ्यात त्यावर पांढुरकी झाक येऊ शकते. तो सुती कापडाने कधीही लावू नये. कापसाशी त्याची अभिक्रिया इतकी उष्णता सोडते की कापडातून धूर निघतो आणि बोटे भाजतात. कागदी रुमालावर दोन थेंब पुरेत.

शेवटी धातूचे भाग शेगड्याने, म्हणजे बाकावरच्या व्हाइसने, सरळ रेषेत दाबून बसवायचे. पेन फिरवण्याची यंत्रणा मात्र थोडी थोडी आत ढकलून, दर वेळी रिफिल घालून टोक किती बाहेर येते ते पाहावे, कारण ती जास्त आत गेली तर लाकडाला धक्का न लावता परत काढणे फार अवघड असते.