कार्बन डाय-ऑक्साइड अंतःक्षेपण (तेलप्राप्तीसाठी)

उतरती कळा लागलेल्या तेलक्षेत्रात दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड सोडून खडकात अडकलेले खनिज तेल बाहेर काढण्याची पद्धत. विहीर नवी असताना तेल भूगर्भातल्या दाबानेच वर येते. दाब ओसरला की पाणी सोडून ते ढकलतात. तरीही निम्म्याहून अधिक तेल बहुधा खडकाच्या छिद्रांतच राहते. असे का, ते सोलापुरातल्या यंत्रमागावर कळते. टॉवेलवर मशीनच्या तेलाचा डाग पडला तर तो नुसत्या पाण्याने जात नाही. रॉकेलचा बोळा फिरवला की सुटतो. खडकात रॉकेलचे काम हा वायू करतो.

वायू विरघळला की तेल फुगते, पातळ होते आणि विहिरीकडे सरकते. दाब पुरेसा असेल तर दोन्ही एकजीव होतात. हलक्या तेलाला हे अधिक मानवते. ३१.१ अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाब ओलांडला की कार्बन डाय-ऑक्साइड धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. यातली तापमानाची अट सोलापूरच्या चैत्रात सावलीतही पुरी होते. दाबासाठी मात्र साधारण ८०० मीटर खोल जावे लागते.

अडचण अशी की हा वायू दाट तेलाला बगल देऊन सोप्या वाटेने पळतो. म्हणून तो आणि पाणी आळीपाळीने सोडतात. पाण्याशी गाठ पडली की कार्बोनिक आम्ल होते आणि ते पोलादी नळ्या खाते. तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा करून पुन्हा खाली धाडतात.

मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग टेक्सासमधील सॅक्रॉक क्षेत्रात १९७२ साली सुरू झाला. कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्राला २००० पासून अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या, कोळशापासून इंधनवायू बनवणाऱ्या प्रकल्पातून सुमारे ३२० किलोमीटर नळाने वायू येऊ लागला. भारतात गुजरातेतील कोयली शुद्धीकरण कारखान्याचा वायू गंधार तेलक्षेत्राला देण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी २०१९ मध्ये सामंजस्य करार केला.

सोलापूर जिल्ह्यात तेलक्षेत्र नाही, वायू मात्र मुबलक. एनटीपीसीच्या १,३२० मेगावॅट वीज केंद्राच्या धुरात तो नायट्रोजनमध्ये मिसळलेला असतो, आणि वेगळा काढणे महाग पडते. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत गोष्ट निराळी: मळी आंबताना टाकीवर जो फेस चढतो, त्यातला वायू जवळजवळ शुद्ध असतो, किलोभर अल्कोहोलमागे सुमारे ९५० ग्रॅम. अमेरिकेतील कॅन्ससमध्ये इथेनॉल कारखान्यांचा असा वायू तेलक्षेत्रांना गेलेला आहे. सोलापूरपासून गंधार मात्र सरळ रेषेतही साडेपाचशे किलोमीटरांहून दूर.

पद्धतीवरचा मुख्य आक्षेप हवामानाचा आहे आणि तो रास्त आहे: वायू गाडला जातो खरा, पण त्याने वर आणलेले तेल शेवटी जळतेच. सोलापूरखालच्या काळ्या पाषाणासारख्याच, बेसाल्टच्या खडकात आइसलँडमध्ये वायू सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे बदल्यात तेल मिळत नाही, त्यामुळे खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न उरतो.