बाहुलीघर (लघुप्रतिकृतींचा छंद)

बाहुलीघर म्हणजे खऱ्या घराची ठरावीक मापात लहान केलेली, आतून सजवलेली प्रतिकृती. घर बांधणे, त्यात फर्निचर आणि भांडीकुंडी मांडणे, दिवे लावणे, भोवती अंगण, बाग, कुंपण, पायवाट करणे या सगळ्याचा मिळून एक छंद झाला आहे आणि तो करणारे बहुतेक लोक प्रौढ असतात. नावात बाहुली असली तरी यातल्या पुष्कळ घरांत एकही बाहुली नसते. टेबलावर अर्धवट प्यालेला चहा असतो, खुर्चीच्या पाठीवर शाल असते. माणूस नुकताच उठून आत गेला असावा असे वाटले पाहिजे, ही यातली खरी कारागिरी.

आपल्याकडच्या भातुकलीशी त्याची तुलना लगेच सुचते. फरक मापाचा आहे. भातुकलीत बंब आणि वाटी एकाच उंचीचे असले तरी मुलींचे काही अडत नाही, कारण तिथे खेळ चालतो तो हातांनी आणि बोलण्याने. बाहुलीघर डोळ्यांनी चालते. एक वस्तू मापाबाहेर गेली की डोळा तिथेच अडतो आणि सगळे घर पुन्हा लाकूड आणि पुठ्ठा होऊन बसते.

मापाचे गणित

सर्वांत रूढ माप १:१२, म्हणजे खऱ्या फुटाला प्रतिकृतीत एक इंच. इंच-फुटाच्या देशांत हे माप रुळले त्याचे कारण उघड आहे: हिशेबच करावा लागत नाही. सात फुटांचा दरवाजा सात इंचांचा, साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा. त्याच्या निम्मे १:२४ आणि आणखी निम्मे १:४८. बाहुलीघरात ठेवायच्या बाहुलीघरासाठी १:१४४ हे माप वापरतात, म्हणजे बाराव्या हिश्शाचा बारावा हिस्सा. स्वीडनच्या लुंडबी या प्रसिद्ध खेळण्यांचे माप १:१८ आहे, त्यामुळे त्यातली खुर्ची १:१२ च्या घरात बालवाडीतून आणल्यासारखी दिसते.

लांबी बारा पटींनी घटली की क्षेत्रफळ १४४ पटींनी आणि आकारमान १,७२८ पटींनी घटते. छंदातल्या निम्म्या अडचणी या तीन आकड्यांत आहेत. कापडाचे पाहा. पडदा बारा पट आखूड करता येतो, पण त्याचा धागा बारा पट बारीक होत नाही. खरा पडदा स्वतःच्या वजनाने खाली पडतो; सहा इंचांच्या पडद्याला वजनच नसते, तो फ्रॉकच्या घेरासारखा फुलून राहतो. म्हणून तलम सुती किंवा रेशमी कापड घ्यायचे, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवायचे, थर्माकोलवर टाचण्यांनी चुण्या बसवायच्या आणि वाळू द्यायचे. गादी-उशांत कापूस भरला तर त्या फुगतात. बारीक वाळू भरली तर माणूस झोपून उठल्यासारखा खळगा पडतो. लाकडाचेही तसेच. सागाच्या ठळक रेषा छोट्या टेबलावर ओंडक्यासारख्या दिसतात, त्यामुळे बासवूड, बर्च, नासपती अशी बारीक पोताची लाकडे लागतात.

स्वयंपाकघरातल्या डब्यांनी मात्र यात मोठी सोय केली आहे. १:१२ मध्ये ताटातला भात म्हणून तांदळाचा दाणा चालत नाही, पण बारीक रवा चालतो. मटकीचा दाणा लिंबाएवढा होतो, मिरी मोसंबीएवढी आणि मोहरी बोराएवढी.

खेळणे नव्हे, मिरवणे

नोंद सापडणारे सर्वांत जुने बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने १५५७-५८ मध्ये करवून घेतले. ते त्याच्या मुलीसाठी होते असे सांगतात, पण जाऊन बसले ते ड्यूकच्या दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहात. १६७४ च्या आगीत ते नष्ट झाले. पुढे न्यूरेंबर्ग हे या कामाचे केंद्र बनले. तिथल्या आना क्यॉफरलिन यांनी १६३१ मध्ये आपले बाहुलीघर लोकांना पाहायला खुले केले. मुलींनी घर नीट कसे चालवावे हे त्यात पाहून शिकावे, असा त्यांचा हेतू होता. १६३९ चे श्ट्रोमर घराण्याचे घर आजही न्यूरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. त्या काळातल्या जर्मन स्वयंपाकघरात तांब्या-पितळेचे काय काय असे, हे पाहायला इतिहासकार अशा घरांकडेच वळतात, कारण खरी स्वयंपाकघरे कोणी जपून ठेवली नाहीत.

ॲमस्टरडॅमला मात्र शिकवण्याचे सोंगही उरले नाही. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बायकांनी कपाटात बाहुलीघरे मांडली आणि पाहुण्यांना दाखवली. पेट्रोनेला ऊर्टमन यांचे कपाट साधारण १६८६ ते १७१० या काळात सजत होते. कपाटाला कासवाच्या पाठीचे आणि कथलाचे जडावकाम आहे. चिनी मातीची इवली भांडी थेट चीनमधून मागवलेली, टोपल्या बुरुडाने विणलेल्या, भिंतींवरची चित्रे चित्रकारांनी काढलेली. एकूण खर्च वीस ते तीस हजार गिल्डर झाला असावा असा अंदाज आहे. तेवढ्यात शहरात कालव्याकाठी खरे घर येत असे. आज ते राइक्सम्युझियममध्ये आहे आणि रेम्ब्रांटच्या चित्रांसाठी आलेले लोकही त्याच्यापुढे रेंगाळतात.

विसाव्या शतकातले सर्वांत गाजलेले घर इंग्लंडच्या राणी मेरीचे. वास्तुशास्त्रज्ञ एडविन ल्युटियन्स यांनी १९२१ ते १९२४ मध्ये ते १:१२ मापात उभारले. नवी दिल्लीतल्या व्हाइसरॉय हाउसचे, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचे, काम त्याच सुमारास त्यांच्याच हाती होते, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी. सुमारे दीड हजार कलावंत आणि कारागिरांचे हात या घराला लागले. नळाला पाणी येते, लिफ्ट चालते, दिवे लागतात. ग्रंथालयातली पुस्तके कोरी नाहीत. आर्थर कॉनन डॉयल यांच्यासह अनेक लेखकांनी त्यांत स्वतःच्या हस्ताक्षरात मजकूर लिहून दिला. १९२४ च्या वेम्ब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात सोळा लाखांवर लोकांनी ते पाहिले. आता ते विंडसर किल्ल्यात आहे.

अमेरिकेत नार्सिसा थॉर्न यांनी पूर्ण घराचा नाद सोडून एकेकटी खोली हाती घेतली. १९३२ ते १९४० या काळात त्यांनी कारागिरांकडून करवून घेतलेल्या खोल्यांपैकी ६८ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. या खोल्यांचे बळ खिडक्यांत आहे. खिडकीबाहेर रंगवलेली बाग असते, मागून उजेड येतो, आणि अर्धवट उघड्या दारातून दुसऱ्या खोलीचा फक्त कोपरा दिसतो. उरलेले घर पाहणारा मनातच बांधून घेतो. पेटीत एकच खोली करण्याची आजची लोकप्रिय पद्धत, रूम बॉक्स, याच वळणाची.

फ्रान्सेस ग्लेसनर ली यांनी याच कलेचा उपयोग वेगळ्याच कामासाठी केला. संशयास्पद मृत्यूची जागा कशी पाहावी हे पोलिसांना शिकवण्यासाठी त्यांनी १९४० च्या दशकापासून १:१२ मापात घटनास्थळे तयार केली. मेलेल्या बाहुलीच्या पायातले मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. बॉल्टिमोरच्या वैद्यकीय परीक्षक कार्यालयात यांतली अठरा ठेवलेली आहेत आणि त्यांवर प्रशिक्षणही झाले आहे. घड्याळात किती वाजलेत, गोळीचे भोक कुठे आहे, पडदा कुठल्या बाजूला ओढलाय, यांवर निष्कर्ष ठरतो. इथे माप चुकले तर सौंदर्य नव्हे, तपास चुकतो.

बांधकाम

घराचा सांगाडा प्लायवूड किंवा एमडीएफचा करतात. एमडीएफ गुळगुळीत आणि स्वस्त, पण पाणी लागले की कडा फुगतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात दोन्ही बाजूंना प्रायमर मारल्याशिवाय ते वापरू नये. एकाच बाजूला रंग दिला की फळी वाकते. प्लायवूड हलके आणि मजबूत, मात्र कापताना कड उचकटते. वास्तुरचनेचे विद्यार्थी वापरतात तो सनबोर्ड आणि माउंट बोर्ड पहिल्या प्रयत्नासाठी उत्तम, कारण तो कटरने कापता येतो आणि चूक महागात पडत नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी सगळे भाग न चिकटवता, कागदी चिकटपट्टीने उभे करून पाहायचे. मग वायरिंग, मग वॉलपेपर, मग फरशी, शेवटी जिना आणि चौकटी. नवशिका हमखास वॉलपेपर आधी लावतो आणि मग दिव्याची तार कुठून न्यायची या विचारात पडतो. दिव्यांसाठी पूर्वी १२ व्होल्टचे इवले बल्ब वापरत; इंग्रजीत त्यांना गव्हाचा दाणा आणि तांदळाचा दाणा अशीच नावे आहेत. भिंतीवर तांब्याची चपटी पट्टी चिकटवून तिच्यावर कागद लावला की वीज नेता येते आणि तार दिसत नाही. आता बहुतेक ठिकाणी एलईडी असतात. पांढऱ्याशुभ्र एलईडीने मात्र दिवाणखान्याचा दवाखाना होतो. पिवळसर उजेडाचाच घ्यावा.

नऊ इंची वीट १:१२ मध्ये पाऊण इंचाची होते. ती अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्यातून कापली तर खडबडीतपणा आयताच मिळतो. गेरूच्या रंगात बुडवलेला हाच पुठ्ठा कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीलाही शोभतो. आइसक्रीमच्या काड्यांची लाकडी जमीन, खोक्याच्या नागमोडी पुठ्ठ्याची कौले, या युक्त्या जगभर थोड्याफार फरकाने सापडतात. फेविक्विकने खिडकीची पारदर्शक काच कधीही चिकटवू नये. तिच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरा धुरकट थर बसतो आणि तो निघत नाही.

आतले सामान

खाद्यपदार्थ हा या छंदातला स्वतंत्र प्रांत आहे. ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणारी पॉलिमर क्ले त्यासाठी वापरतात. लिंबाची चकती करायची तर आधी साल, पांढरा पापुद्रा आणि फोडी यांची जाड वळकटी करतात, ती हळूहळू ओढून बारीक करतात आणि मग सुरळीच्या वड्यांसारख्या चकत्या कापतात. प्रत्येक चकतीत अख्खे लिंबू असते. पावाला रंग ब्रशने न देता कोरड्या खडूची पूड लावतात, म्हणजे भट्टीतून काढल्यासारखी तांबूस छटा येते.

नव्या कोऱ्या वस्तूंचे घर दुकान वाटते. जाणते लोक म्हणून मुद्दाम जुनेपणा आणतात: दाराच्या मुठीभोवती हाताचा मळ, चुलीमागे काजळी, जिन्याच्या पायऱ्यांवर मधोमध झीज. चमक ही मापाची वैरीण. तकतकीत वार्निश लहान वस्तूवर खऱ्याहून जास्त चकाकते, त्यामुळे बहुतेक कामे मॅट ठेवतात.

अंगण आणि बाग

घराबाहेर पडले की अडचण वाढते, कारण निसर्ग मापात येत नाही. खरे रोप लावले तर त्याचे एक पान खिडकीएवढे असते. राणी मेरीच्या घराची बाग गर्ट्रूड जेकिल या नामवंत उद्यानकर्तीने आखली. ती इमारतीखालच्या मोठ्या खणात आहे. खण ओढला की बाग बाहेर येते.

आजच्या छंदिष्टांनी यातले पुष्कळ तंत्र मॉडेल रेल्वेवाल्यांकडून उचलले आहे. नायलॉनचे बारीक तंतू स्थिर विजेच्या भाराने गोंदावर उभे राहतात आणि गवत होते. झाडाचे खोड तारा पिळून करतात, वर रंगवलेला स्पंज कुस्करून लावतात. वाळवलेला चहाचा चोथा मातीच्या जागी येतो, दोडक्याची वाळकी जाळी झुडपांना. तळ्यासाठी इपॉक्सी रेझिन पातळ थरांनी ओततात; एकदम जाड ओतले तर ते तापते आणि तडकते. खरे पाणी कोणी घालत नाही. त्याचे थेंब आणि लाटा आपल्याच मापाच्या राहतात.

दिवाळीतला किल्ला हा आपला याच जातीचा उद्योग, पण त्याने मापाची फिकीर कधीच केली नाही. दगड-मातीचा डोंगर, पोत्याचा आधार, वर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि चार-पाच दिवसांत हिरवे रान. तो कोंब किल्ल्याच्या हिशेबाने ताडाहून उंच असतो. महाराज सिंहासनावर बसूनही बुरुजापेक्षा मोठे असतात, आणि ते तसेच असावेत याबद्दल गल्लीत कोणाचे दुमत नसते.

महाराष्ट्रात

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे, भाज्या आणि भातुकलीचे संच, पितळी भातुकली, लाकडी ठकी ही इथली जुनी परंपरा. मापबद्ध बाहुलीघर तिच्यातून आलेले नाही, ते बाहेरून आले. अलीकडे १:२४ च्या चिनी किटमुळे आणि पुस्तकांच्या फटीत बसणाऱ्या गल्लीवजा ‘बुक नूक’मुळे त्याचा प्रसार वाढला. किटमधली घरे बहुधा युरोपीय धाटणीची किंवा कॅफे, फुलांची दुकाने अशी असतात. वाडा, चाळ किंवा माजघर करायचे तर सामान स्वतःच घडवावे लागते. पाटा-वरवंटा दगडी कपच्यांतून घासून निघतो, तुळशीवृंदावन एअर-ड्राय क्लेमधून. सर्वांत त्रास देते ती नऊवारी: लुगड्याच्या काठाची नक्षी बारा पट बारीक विणलेली मिळत नाही, त्यामुळे जुन्या साडीच्या जरीची किनार उसवून तिच्यातले एक-दोन धागेच काठ म्हणून लावतात.

तयार झालेले घर काचेत ठेवतात. धूळही मापाची नसते. तिचा जाडसर कण जेवणाच्या टेबलावर खडीसारखा पडलेला दिसतो. झाडायला मेकअपचा मऊ ब्रश वापरतात, आणि सुटी भांडी आधी एका वाटीत काढून घेतात.